कुलूपवाल्याची निळी सावली

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी परवानगी नाकारल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे, तुम्ही तो जमिनीवरून आलेला समजून घ्यावा.) इकडे सगळे ठीक. तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं लेकीकडून कळलं, जीव भांड्यात पडला. डोळ्यांत औषध वेळच्या वेळी घालत जा, आणि हे पत्र स्वतःच वाचा, वहिनींना वाचून दाखवायला सांगू नका. का ते पुढे कळेलच. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच "हं, पुढे?" म्हणता आणि मग नेमकं पुढचंच मला आठवत नाही.

तर दादा, गेल्या रविवारी मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. समोर चहा निवून जातो आणि मी भिंतीकडे बघत बसतो. याचं मूळ तुमची लाडकी भाची. ही बाई आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला लावते आणि रविवारी दुपारी कुठल्याशा मंडळात जाते. मंडळाचं काम काय, तर कॉमिकवरून निघालेले सिनेमे बघायचे आणि मग त्यांवरून भांडायचं. मला वाटलं पोराटोरांचा कारभार असेल, चार फुगे आणि दोन बिस्किटं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जाऊन बघतो तर चाळीसेक मंडळी, त्यातली निम्मी टकली! एक गृहस्थ जिना चढताना माझ्याहून जास्त धापा टाकत होते, आणि त्यांच्या सदऱ्यावर छातीभर उडता नायक छापलेला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, उपाध्यक्ष गणिताच्या बाई. फळ्यावर सुरेख अक्षरात विषय लिहिला होता, 'खलनायकाला बालपण असावं काय?' मी लेकीकडे बघितलं, तर ती टिपणं घ्यायला वही काढून बसलेली.

आणि हा सगळा वाद कुणावरून, तर आपल्या कुलूपवाल्यावरून! आठवतो ना? आपल्या प्रेसमध्ये दर महिन्याला छपाईला यायचं त्या कॉमिकमधला दुष्ट. काळा झगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अख्ख्या शहराची दारं बाहेरून बंद करायचा आणि लोक आपापल्या घराबाहेर ताटकळलेले बघून खदाखदा हसायचा. त्याच्यावर म्हणे मोठा सिनेमा निघाला आहे, आणि सिनेमावाल्यांनी त्याला बालपण दिलंय. आई त्याला खोलीत कोंडून कामाला जायची, म्हणून तो असा झाला. हे सांगताना डॉक्टरांचा चेहरा असा झाला होता, जणू भूल न देता कुणी त्यांचीच दाढ काढतंय. त्यांचं म्हणणं, कुलूपवाला दुष्ट होता कारण त्याला दुष्टपणा आवडायचा. त्याला कारणं चिकटवणं हा त्याचा अपमान आहे. गणिताच्या बाई ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, कारण नसताना त्रास देतो तो खलनायक नव्हे, तो नुसता शेजारी. (टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आमच्या वरच्या मजल्यावरचे डोळ्यांसमोर आले.)

मग गाडी सिनेमाच्या रंगरूपावर आली. नायकाचा पिवळाधमक पोशाख सिनेमात ओल्या पोत्याच्या रंगाचा केलाय, आणि पाऊण सिनेमा इतका काळोखात चालतो की एका बाईंनी नायकाला फक्त खोकण्यावरून ओळखलं. यावर एक चष्मेवाला भडकला. काळोख हीच त्या सिनेमाची खरी श्रीमंती, तुमच्या डोळ्यांना सवय नाही, असं त्याने ठणकावलं. (माझ्या लेकीने त्याच्या चष्म्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून नंबर चुकीचा असावा.) पण माझे डोळे पांढरे झाले ते पुढे. सिनेमात म्हणे मध्येच माणसांच्या गालांवर छपाईचे ठिपके दिसतात. मुद्दाम! दादा, आपली हयात ते ठिपके दिसू नयेत म्हणून गेली. तुम्ही भिंग लावून एकेक ताव तपासायचात. आणि ही मंडळी लोकांच्या गालांवर ठिपके काढून त्याला कला म्हणतात. मी "अरे देवा" म्हणालो ते जरा मोठ्यानेच म्हणालो.

इतक्यात डॉक्टरांनी हातमोजे घातले (दात काढताना घालतात तेच) आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून सत्तेचाळिसावा अंक बाहेर काढला. तोच अंक, पान अकरा. शेजारी बसलेल्या लेकीला मी हळूच समजावून सांगितलं, ते तुम्हाला पाठ असलं तरी इथे तसंच लिहितो. पिवळा, लाल, निळा, काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटा. त्या मी करायचो. त्या मशीनवर चढवून रंगावर रंग अचूक बसवायचं काम तुमचं. पान अकरावर कुलूपवाल्याचं निळं त्याच्या अंगावर न बसता डावीकडे सरकलं आणि त्याच्या बाजूला एक निळी सावली उभी राहिली. बारा हजार प्रती तशाच बाहेर गेल्या. तुम्हाला रंगीत मशीनवरून उठवून बिलबुकांच्या मशीनवर बसवलं ते निवृत्तीपर्यंत. अख्ख्या प्रेसमध्ये रंगाची नजर तुमच्यासारखी कुणाला नव्हती, आणि तुम्ही एकोणीस वर्षं पावत्या छापल्यात. चूक कुणाची, हे आता उकरून काढण्यात काय अर्थ आहे? (मी तेव्हाही हेच म्हणत होतो.)

पण इथे तर भलताच प्रकार. त्या सावलीच्या पायी या माणसांनी संसार पणाला लावलेत. एकाच्या मते ती कुलूपवाल्याचं मन आहे. दुसऱ्याच्या मते ती त्याने बाहेर काढलेल्या लोकांची हाय. सिनेमावाल्यांनी सावलीला आवाज दिलाय आणि वर ती उजव्या बाजूला काढलीये, म्हणून डॉक्टरांनी निर्मात्याला खरमरीत पत्र पाठवलंय. त्यांनी सावली पट्टीने मोजली आहे, साडेचार मिलिमीटर. शेवटच्या रांगेतला एक दाढीवाला चाचरत म्हणाला, ही साधी छपाईची चूक नसेल कशावरून? दादा, त्याला खाऊ की गिळू असं झालं सगळ्यांना. गणिताच्या बाई फळ्यापाशी गेल्या, चौकटी काढल्या आणि शांतपणे म्हणाल्या, मशीनवर रंग हलला असता तर सबंध पानाचा हलला असता. बाकी पाच चौकटी चोख आहेत, फक्त याच एका चौकटीचं निळं सरकलंय. म्हणजे हे मशीनने केलेलं नाही, माणसाने मुद्दाम केलंय. एकतीस वर्षांपूर्वी फोरमनच्या टेबलासमोर एवढं एक वाक्य कुणी बोलायला हवं होतं. (फोरमन पॅकिंग खात्यातून वर आलेला, त्याला कुठून कळणार? आणि तुम्ही तर मान खाली घालून "माझंच लक्ष नव्हतं" म्हणून मोकळे झालात.)

मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या दाढीवाल्याची इतकी हुर्यो झाली की मला राहवेना. उभा राहिलो आणि म्हणालो, हा अंक आमच्या प्रेसमध्ये छापलाय, तिथे मी अठ्ठावीस वर्षं काढली. मग मला पुढे नेलं, पाणी दिलं, एका बाईंनी माझ्या हाताला हात लावून बघितला. डॉक्टरांनी विचारलं, मुद्दामच केलं होतं ना? आता चाळीस माणसं आशेने तोंडाकडे बघत असताना नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो. कुणी केलं? मी म्हणालो, मी. टाळ्यांचा कडकडाट झाला, दादा. आयुष्यात माझ्यासाठी एवढ्या टाळ्या लग्नातही पडल्या नव्हत्या.

ते सुख मिनिटभरच टिकलं. डॉक्टरांनी पुढचा अंक काढला. त्याच्या शेवटच्या पानावर आपल्या मालकांनी छापलेली दिलगिरी होती, 'मशीनमनच्या हलगर्जीपणामुळे मागील अंकात दोष राहिला, त्यास योग्य ती समज देण्यात आली आहे.' म्हणजे मशीनमन तुम्हीच, असं म्हणून ते माझ्या पाया पडायला वाकले. आणि तुमची भाची, माझ्याच पोटची पोर, भर सभेत म्हणाली, "बाबा, मशीनवर तर मामा होते ना?" चाळीस माना एकदम वळल्या. गणिताच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उत्तर बरोबर आणि रीत चुकीची लिहिली आहे. गाडीतून घरी आल्यावर लेक एवढंच म्हणाली, "मामांचं लक्ष नाही असं कधी झालंय का हो?" मी म्हणालो, गाडी नीट लाव.

तर मंडळाचा निरोप असा, की अकरा वर्षं ते ज्या मशीनमनला शोधत होते त्याचा सत्कार पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी करायचा आहे, आणि त्यांना तुम्ही हवे आहात. निरोप पोचवणं माझं काम, ते केलं. बाकी तुमचे डोळे, प्रवासाची दगदग, तिथला तो जिना हे सगळं बघता तुम्ही न आलेलंच बरं, असं मला आपलं वाटतं. वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपून असा.

तुमचा मेहुणा

ता. क. येणार नसाल तर एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून पाठवाल का? 'पान अकराची निळी प्लेट माझ्या मेहुण्याने केली होती, मशीनचा त्यात काही दोष नव्हता', आणि खाली सही. खोटं काहीच नाही त्यात. प्लेटसाठी एकेका चौकटीची फिल्म जुळवताना त्या चौकटीची फिल्म माझ्याच हातून सरकली होती. त्या महिन्यात माझ्या दोन प्लेटा आधीच वाया गेल्या होत्या, तिसरी गेली की घरी बसायचं अशी तंबी मिळाली होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. पुढे बोलायचं राहून गेलं. आता त्या चुकीला एवढा मान मिळतोय, तर तो योग्य माणसाला मिळावा, इतकीच इच्छा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात तुमच्या बहिणीने पत्र हातातून काढून घेतलं आणि सगळं वाचलं. मग आत जाऊन कपाटातून एक घडी केलेला कागद आणून माझ्यापुढे ठेवला. लग्नाआधी तिने मला लिहिलेलं पत्र. प्रेसमध्ये दिव्याच्या टेबलाशी मी ते वाचत होतो, फोरमन आला म्हणून घाईने समोरच्या फिल्मखाली सारलं, फिल्म सरकली ती तेव्हाच. नंतर चार दिवस ते पत्र शोधत होतो. फिल्मच्या लाल चिकटपट्टीचा तुकडा अजून त्याला चिकटलेला आहे. तिने सांगितलं, त्याच संध्याकाळी तुम्ही ते तिच्या हातात दिलंत. पहिल्याच तावावर दोष दिसला म्हणून मला झापायला तुम्ही वर आला होतात. मी जेवायला गेलेलो. फिल्म उचललीत, पत्र दिसलं, बहिणीचं अक्षर दिसलं. नवी प्लेट मागितली असती तर आधीची वाया गेल्याची चिठ्ठी फोरमनकडे द्यावी लागली असती, चिठ्ठीवर माझं नाव, आणि नोकरी गेलेल्या माणसाला तुमच्या वडिलांनी मुलगी दिली नसती. तुम्ही खाली गेलात आणि मशीन सुरू केलंत. मी तिला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

ता. क. ३. पहिला ता. क. खोडायला निघालो होतो. तिने पेन काढून घेतलं. म्हणाली, दादाला वाचू दे. वाचा. मला स्वतःची लाज वाटते, दादा, आणि हे खुर्चीत बसून लिहिण्यासारखं नाही, पण समोर आलात की मी गडबडेन. सत्काराच्या रविवारी नक्की या. भाची न्यायला येईल, जिना आम्ही दोघं धरून चढवू. तुम्ही काही बोलू नका, बोलणार मी आहे. आणि त्या गणिताच्या बाईंना सांगणार आहे की सावली मुद्दामच छापली होती, हे त्यांचं अगदी बरोबर होतं. का छापली, ते तेवढं त्यांना सुचलं नव्हतं. एकतीस वर्षं मलाही सुचलं नाही.