भाऊजींचा हवापालट

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त शब्दात. कामाच्या खोलीची फरशी आत्ताच साबणाने धुतली आहे आणि तिच्यावर कोणी आडवं झालेलं मला काम शिकवणाऱ्या उस्तादांना खपत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिन्याचा तो सैल कठडा कोणी बसवून दिला का? इकडे मी ठीक, भाऊजी उत्तम, काळजीचं काहीएक कारण नाही. तू मुद्दाम इकडे येण्याची तर मुळीच गरज नाही, हे आधीच लिहून ठेवतो. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस. कागदावर माझं ऐकून घेण्यावाचून तुला इलाज नाही.

तर भाऊजी. निवृत्त झाल्यापासून ते आरामखुर्चीत बसून छताकडे बघतात, जेवायला हाक मारली तर येतात, नाही मारली तर येत नाहीत, आणि दिवसभरात तुमच्यात संभाषण काय ते एकच : तू विचारतेस ‘गॅस बंद केला का?’ आणि ते म्हणतात ‘हो’. हे सगळं तूच मला रडत सांगितलंस. म्हणून डॉक्टरांनी हवापालट सुचवला आणि तू त्यांना महिनाभरासाठी माझ्याकडे धाडलंस. सोबत तीन स्वेटर, कमरेचा पट्टा, टकलाला रोज चोळायची तेलाची मोठी बाटली, आणि माझ्यासाठी चिठ्ठी, की डोळ्यांत तेल घालून ह्यांच्याकडे लक्ष ठेव. ताई, ठेवलं गं लक्ष. पण आमच्या धंद्यात तेल हा शब्दसुद्धा उच्चारायचा नसतो. (उठून खिडकीतून बघून आलो. होडी अजून नाही.)

धंद्यावरून आठवलं. गेली सहा वर्षं तू सगळ्या नातेवाइकांना सांगत आली आहेस की मी घरोघर सिलिंडर पोचवतो. माझ्या सिलिंडरवर डाळ शिजत नाही. समुद्रात बुडी मारणारी माणसं ते पाठीला बांधतात आणि खाली गेल्यावर त्यातली हवा घेतात. साध्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, काहींना आम्ही तो वाढवून छत्तीस टक्के करून देतो, म्हणजे खाली थोडं जास्त थांबता येतं. (मात्र अशी हवा घेऊन अठ्ठावीस मीटरच्या खाली जायचं नाही. गेलं तर तोच ऑक्सिजन माणसाला झटके आणतो. हा कंस तू वाचला नाहीस असं समज.) ही हवा बनवायची तर सिलिंडरमध्ये आधी निव्वळ ऑक्सिजन सोडायचा आणि मग वरून साधी हवा भरायची. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की भडका उडायला काडी लागत नाही. म्हणून आधी व्हॉल्व्ह काढायचा, आत गरम पाणी आणि खास साबण घालून सिलिंडर तासभर लोळवायचा, धुवायचा, वाळवायचा, रबरी रिंगा नव्या घालायच्या, आणि शेवटी जांभळ्या दिव्याखाली धरायचा. तेलाचा डाग राहिला असेल तर त्या दिव्यात तो चमकतो. तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ अशी जगात ही एकच खोली असेल. कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मी उस्तादांना म्हणालो, डोळ्यांत तेल घालून तपासलंय. त्यांनी मला दोनदा तोंड धुवायला लावलं आणि तो सिलिंडर पुन्हा धुवायला घेतला. माणूस शब्दाला पक्का आहे.

भाऊजी आले ते दोन दिवस माझ्या घरच्या छताकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कामावर घेऊन आलो, तर इथल्या छताकडे बघत बसले. पाचव्या दिवशी मी जेवायला गेलो असताना ते आपणहून खुर्चीतून उठले. (आनंद होतोय ना? थांब.) मी सकाळपासून घासूनपुसून आठ सिलिंडर ओळीत उभे केले होते. त्यातल्या एकाचा व्हॉल्व्ह त्यांनी सहज फिरवून पाहिला, तर तो अडला. आपल्या मेव्हण्याचं काम सोपं करावं, एवढ्याच शुद्ध भावनेने त्यांनी खिशातून तुझी बाटली काढली आणि आठही व्हॉल्व्हना बोटबोटभर तेल लावलं. मी परत आलो तर म्हणाले, आता बघ कसे फिरतात. फिरत होते. लोण्यासारखे फिरत होते. आणि अर्ध्या तासाने मी त्यांत ऑक्सिजन सोडणार होतो.

उस्तादांनी जांभळा दिवा लावला. आठ व्हॉल्व्ह चमकले, मग भाऊजींची बोटं, मग खिसा, आणि शेवटी आख्खं टक्कल. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी ऑक्सिजनची मुख्य कळ बंद केली आणि धुतलेल्या फरशीवर बसून राहिले. ताई, मी भ्यालो होतो. संध्याकाळपर्यंत तुला कोणत्या तोंडाने कळवलं असतं हाच विचार डोक्यात घोळत होता. मग शिक्षा झाली. आठही सिलिंडर आम्ही दोघांनी पुन्हा पहिल्यापासून धुवायचे आणि भाऊजींनी तेल सोडायचं. त्यांनी भांड्यांच्या साबणाने टक्कल धुतलं, सिलिंडर मांडीवर घेतला आणि तो लोळवता लोळवता विचारलं, खाली असतं काय रे? निवृत्तीनंतर त्यांनी कोणाला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. दुर्दैवाने तो मास्तरीणबाईंनी ऐकला. (मास्तरीणबाई म्हणजे इथे बुडी शिकवणाऱ्या. त्यांच्यापुढे उस्तादसुद्धा उभे राहून बोलतात.)

आता मुद्द्यावर येतो, कारण मला बसवत नाही. तू त्यांना हवा बदलायला पाठवलं होतंस. ती बदलली आहे, छत्तीस टक्के झाली आहे. इथल्या डॉक्टरांनी छाती तपासून दोनदा सही दिली, भाऊजींनी दोन परीक्षा दिल्या, आणि या घटकेला ते पाण्याखाली आहेत. पंधरा मीटरच्या खाली नेणार नाही असा मास्तरीणबाईंचा शब्द आहे. पण सिलिंडर मी तयार केला आहे. आजवर सिलिंडरला लावायच्या तपासणीच्या चिठ्ठीवर उस्ताद सही करायचे, आज पहिल्यांदा त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी मीटर लावून हवेतला ऑक्सिजन तीनदा मोजला, तिन्ही वेळा छत्तीस. तरी होडी गेल्यापासून वाटतंय, व्हॉल्व्ह नीट उघडला होता का? मीटर आधी साध्या हवेवर जुळवून घेतला होता का? घेतला होता, वहीत लिहिलंय, तरी वही चारदा उघडली. आई फाटकापासून गॅस बघायला परत फिरायची, तू रिक्षा वळवतेस, आणि मी हा असा. घराण्याचा रोग आहे. फरक इतकाच की तुम्हाला परत जाऊन बघता यायचं. साडेबाराला होडी यायची होती. एक वाजून पाच झाले. काही झालं तर तुझं कुंकू माझ्या सहीवर

(शिट्टी ऐकू आली. आलो.)

तुझा धाकटा

ता. क. १ : आले. मास्तरीणबाईंचं कॅमेऱ्याचं झाकण हरवलं म्हणून उशीर. मी त्यांना काय बोललो ते लिहीत नाही. भाऊजी चौदा मीटरवर चाळीस मिनिटं होते. दात वाजताहेत, ओठ निळे आहेत आणि बोलायचे थांबत नाहीत. एक जाडा मासा म्हणे त्यांच्याकडे बघत बसला होता, अगदी ते छताकडे बघायचे तसा. म्हणाले, त्याला कोणीतरी हवापालटाला पाठवायला हवं.

ता. क. २ : मी विचारलं, भीती वाटली का? तर म्हणाले, ‘हिला दाखवायला हवं होतं रे.’ आणि डोळे पुसायला लागले. मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणाले. मास्क त्यांच्या हातात होता.

ता. क. ३ : वर ‘येण्याची मुळीच गरज नाही’ असं लिहिलं आहे ते खोड. हे सगळं पत्र तू यावंस म्हणूनच लिहिलं, आणि भाऊजींची हिंमत होत नव्हती म्हणून मी लिहिलं. तुला आधी साधी एकवीस टक्केवालीच हवा मिळेल आणि कंबरभर पाण्यातच बसवतील. स्वेटर आणू नकोस, केसांना तेल लावून येऊ नकोस, आणि रिक्षा वळवू नकोस. तुझा सिलिंडर भाऊजींनी स्वतः धुऊन कोपऱ्यात उभा केला आहे. चिठ्ठीवर तुझं नाव आहे, आणि खाली, जिथे फक्त टक्के लिहायचे असतात, तिथे त्यांनी लिहिलं आहे : ‘गॅस बंद केला आहे. दोनदा बघितला.’ उस्तादांनी ती चिठ्ठी वाचली आणि तशीच राहू दिली.