मेंढरांचा डबा

कळंब,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

चि. भिमास तुकाआक्काचा आशीर्वाद.

आमी हितं बरे हाओत. कांद्याची लागण चालू हाय. तुझी मेंढरं डिंगोऱ्यात मजेत असतीलच, त्यांची तब्येत तू नीट बघतोस. तीन येळा फोन केला, उचलला न्हाईस, म्हणून पत्र, आजच्याच एसटीच्या कंडक्टरकडं देतेय. मुद्दाम जाड पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिलंय. का, ते तुला ठावं हाय.

तुझ्या पोरीनं, रोहिणीनं सगळं सांगितलं. रडत व्हती. डाव्या डोळ्यापुढं आठ दिवस काळं जाळं, आन तू घरात कुणाला बोलला न्हाईस! पुढ्यातलं कोकरू हातानं चाचपडत व्हतास, तवा तिला कळलं. मग पिपामागं डबा सापडला, मेंढरांच्या मिनरल मिक्श्चरचा. दोन महिने ताकात घालून पितोस म्हणं. अरे, माणूस हाईस का मेंढा?

दोन महिन्यांमागं नारायणगावला डोळ्याचे डॉक्टर काय म्हणले व्हते? मी शेजारीच बसले व्हते. रक्तात मॅग्नेशियम आन झिंक कमी हाय, त्याच्या गोळ्या देतो. पण दहा वर्सांच्या शुगरनं डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा पाझरायला लागल्यात, महिन्याच्या आत लेझर करा. तुला पहिलं तेवढंच ऐकू आलं! एक मेंढरू लंगडलं तर जनावरांच्या डॉक्टरला घरनं उचलून आणतोस. स्वतःच्या डोळ्याला मात्र सवड न्हाई. लई राग आलाय मला.

आन खरं सांगू? तुझ्यापेक्षा माझाच जास्त आलाय.

दवाखान्यातनं येताना एसटीत मीच म्हणले व्हते, "मिनरलच कमी हाय ना, मग मेंढरांच्या डब्यातलं चमचाभर खात जा की!" दोघं पोट धरून हसलो. तू ते खरं धरशील असं वाटलं न्हाई, असं मी रोज मनाला सांगते. खोटं हाय ते. लहानपणापासून तू माझा शब्द खरा धरतोस. महिना उलटला तवा लेझरचं एकदा विचारायचं, तेवढंही मी केलं न्हाई.

काल डॉक्टरला फोन केला. डाव्याचं तपासल्याशिवाय सांगत न्हाईत. उजवा वाचवता यील, पण आता दिवस घालवू नका म्हणले. गुरुवारी सकाळी आठला नारायणगावच्या स्टँडवर मी उभी असंन, तिथनं दवाखान्यात जाऊ.

हे तुझं तुला वाचता आलं, तर मुकाट्यानं ये. न्हाई आलं, तर रोहिणी वाचत असंल. पोरी, बापाचं काही ऐकू नको, हाताला धरून आण.

जिचं नको ते ऐकलंस, तिचं आता एवढं ऐक.

तुझी,
तुकाआक्का