तिसऱ्या गल्लीची पाळी आणि दोन व्हर्जन

१८ एप्रिल २०१६, सोमवार. लातूर
घात केला मी. क्लासच्या सरावासाठी काल नोडचं, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नवीन व्हर्जन टाकलं, जुनं काढून. कॉलनीला पाण्याच्या टँकरची पाळी मेसेजनं कळवणारा प्रोग्राम याच कॉम्प्युटरवर, जुन्या व्हर्जनवर चालतो, हे डोक्यातच आलं नाही. आज कुणालाच पाळीचा मेसेज गेला नाही. टँकर आला, तिसऱ्या गल्लीत कुणी बाहेर नाही, ड्रायव्हर पुढं गेला. तिथल्या सुगलाबाई रिकामी घागर घेऊन माझ्या दारात. एकट्या राहतात.
"पोरी, आठ दिसानं पाळी आली हुती माझी. मेसेज का न्हाई आला?"
बघते मावशी, म्हटलं. खरं सांगितलं नाही.
शेवटी माझ्या शेजारच्या फारुकभाईंनी आपल्या पिंपातलं चार घागरी पाणी दिलं त्यांना. मला जेवण गेलं नाही.

१९, मंगळवार
प्रोग्राम कॉलनीतल्या बिराजदार सरांनी लिहिलेला. सर नांदेडला लेकीकडे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी आहे. जाताना सगळं माझ्यावर सोपवून गेलेले. फोन केला. स्क्रीनवरची लाल अक्षरं एकेक वाचून दाखवली.
"नवीन टाकलंस व्हय?"
"हाव सर. जुनं काढलं."
"रडू नको आधी. जुनं परत मिळतंय. पण आता दोन्ही ठेव. व्हर्जन बदलायचं टूल हाय, ते बसव. पायजे तवा पायजे ते."
मोबाईलच्या नेटवर दीड तास. लाईट दोनदा गेली. पण बसले दोन्ही! एक कमांड दिली की जुनं, दुसरी दिली की नवीन. जुन्यावर प्रोग्राम सुरू केला, मेसेज पाठवायचं डोंगल लुकलुकलं. पहिला, चाचणीचा, फारुकभाईंना. गच्चीवरून ओरडले, "आया, आया!"

२०, बुधवार
सकाळी परत तीच लाल अक्षरं. मग कळलं: काल बदललं ते स्क्रीनवरच्या त्या एका खिडकीपुरतं. दुसरी खिडकी उघडली की पुन्हा नवीन व्हर्जन. आता जुनंच कायमचं ठरवून ठेवलं. सरावाला हातानं बदलीन. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. टिकलं. सगळ्या गल्ल्यांना मेसेज गेले. हुश्श.
सुगलाबाईंकडे जाऊन सांगून टाकलं, चूक माझी होती.
त्या म्हणाल्या, "त्या दिशीच सांगाया पायजे होतंस."
उठल्या. "बस. च्या ठेवते."
फारुकभाईंनी दिलेल्या त्याच पाण्यातला. नको म्हणवेना. लई गोड केला होता.

२४, रविवार
सरांची पट्टी निघाली. आवाज खुशीत. "जुनं किती दिस पुरंल? हळूहळू नव्यावर आण. मी हाय आता बघाया, तू लिही."
आज फक्त आमच्या गल्लीची पाळी नव्यावर लावली. सहा घरं, सगळ्यांना आधी सांगून. फसलं तर जुनं एका कमांडवर आहे, म्हणून भीती नाही.
फोन हातात, ओट्यावर बसलेय. वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. मेसेज अजून आला नाही; उठते, जुन्यावर आणते.