ऋता परत आली

सोम., १७ नोव्हें.
मिरजोळ्याहून सुटलो तो कारखान्याच्या कपड्यांतच कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर. मुली राउंड मारत होत्या. कोर्टाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर ऋता बसलेली, बूट घालून, नाड्या बांधून. गणपतीला हेदवीला घरी गेली ती आज उगवली. मध्ये कॉलेजात येत होती म्हणे, कोर्टावर नाही. निरोप नाही, फोन नाही.
"काका, येऊ?"
म्हटलं, विचार करून सांगतो. विचार काय करायचा? नियम माझाच आहे. न सांगता सोडलं की नाव गेलं. तिची जागा श्रावणीला देऊनही झाली. राजापूरची, पहिल्या वर्षाची.

मंगळ., १८
जेवताना हिला सांगितलं.
"पोर आपल्या पायानं आली ना? मग घ्या की."
म्हटलं, अगो, निवडीत ती नव्हतीच. दुसऱ्या दिवशी येऊन उभी राहिली म्हणून ठेवली. वर सोडून गेली.
"तुम्हाला तरी कुणी बोलावलं होतं? गडग्यावरून ओरडत होतात, म्हणून कॉलेजवाल्यांनी शिट्टी दिली हातात."
हे चूक. शिट्टी माझी स्वतःची होती. नियमांचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं, पंचांची परीक्षा दिली, पास झालो. हिला सगळं माहीत आहे. बांगडा मात्र झकास झाला होता.

गुरु., २०
ऋताला विचारलं, का सोडलंस?
"बसून कंटाळले. सगळ्या मॅचेसना बाटल्या भरल्या नि टॉवेल दिले."
मग परत कशाला?
"घरी अंगणात चुलत भावांशी कबड्डी खेळले. पकडी बऱ्या जमतात मला. पण..." हातातला बॉल फिरवत राहिली.
म्हटलं, सगळ्यांसमोर माफी माग. "चुकले असते तर मागितली असती, काका."
उद्धट आहे. खोटं बोलत नाही पण. उतर कोर्टावर, म्हटलं.

शुक्र., २१
कुणी तिला पास देत नाही. ठरवून. मोकळी उभी, हात वर, बॉल भलतीकडेच. कॅप्टन मधुराला बाजूला घेतलं, तर म्हणते, "तुम्ही घेतलंत तिला, आम्ही नाय." शिट्टी मारून फाउल देता येतो. पास द्यायला लावता येत नाही.
ऋताचा बचाव मात्र... गुडघे वाकलेले, बूड खाली, नजर समोरचीच्या कमरेवर. वर्षभर घसा फोडून मी हेच सांगतोय. ही कबड्डीतून घेऊन आली.

सोम., २४
मधुरानं नारळ आणला. म्हणे आधी देवाला गाऱ्हाणं, मग ऋता. सगळ्या रिंगच्या पोस्टखाली गोल उभ्या. मधुराचा आवाज थेट गुरवाचा.
"बा देवा म्हाराजा! ही तुजी पोर गणपतीत गेली ती दिवाळी सरली तरी आली नाय..."
"व्हय म्हाराजा!"
"तिचा काय चुकला माकला आसंल तर पदरात घे..."
"व्हय म्हाराजा!"
"नि काकांचा आवाज जरा कमी कर रे म्हाराजा!"
याला सगळ्यांत मोठा होकार. श्रावणी तर किंचाळलीच. ऋता आधी हसली, मग तोंड फिरवून उभी राहिली.
नारळ कोर्टावर फोडू दिला नाही. सिमेंट ओलं झालं की बूट सटकतो. गडग्यावर फोडायला लावला.
नंतर पहिला पास मधुरानंच दिला. ऋताच्या हातातून सुटला. मी गप्प.

बुध., २६
चिपळूणच्या मॅचेससाठी नावं द्यायचीत. बाराच. अकरा पक्की. राहिल्या श्रावणी आणि ऋता. श्रावणीचा शॉट चांगला, बचावात नुसती खांबासारखी उभी.
घरी जाताना श्रावणी थांबली. "काका, माझं नाव काढणार काय?"
"शुक्रवारी सांगेन."
"आजच सांगा ना. आई येणार म्हंते मॅच बघायला. राजापूरहून एसटीनं यायचं, तिला कामावर रजा टाकायला लागेल."
पुन्हा शुक्रवारच म्हटलं नि निघालो.
हिला विचारलं. "आता मला कशाला विचारता? नियम तुमचा ना?"

शुक्र., २८
कोर्टावर बसूनच लिहितोय. प्रॅक्टिस संपली. कॉलेजच्या ऑफिसातून फोन येऊन गेला, नाव कळवा.
नियमानं श्रावणी. जिंकायचं तर ऋता. दोन्ही बाजूंनी मलाच माझं पटतं. काय करणार?
दोघींपैकी एकच जाणार, हे दोघींना ठाऊक आहे. तरी रिंगखाली अजून आहेतच. ऋता श्रावणीचे खांदे धरून खाली दाबतेय.
"वाक गो, अजून वाक."
"एवढी वाकले तर शॉट कसा मारू?"
"ते तू दाखव मला."
दोघींचे बूट धुळीनं लाल. फोन पुन्हा वाजतोय. उजेड आहे अजून थोडा. खेळू देत.