आहुप्याच्या राईत शीळ कुणी घातली

महाळुंगे पडवळ,
श्रावण, १९९८

चि. सौ. कुशाबाईस,

थोरल्या बहिणीचा, प्रयागचा, पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायेत? माझे बरे व्हते, ते परवा आहुप्याच्या चढावर ठिवून आले. सावळेराम दाजींना नमस्कार. (खोकल्याचं औषध घेत नसतील तर माझं नाव सांग, घेतील.)

तू म्हणलीस, आक्का, आशाला बघून गेलेला सोपान मास्तर आपल्यातलाच हाय, पण नोकरी पार डोंगराच्या टोकाला, आहुप्याला, आन् सुट्टीला पाखरं मोजतो. डोक्यानं बरा हाय का, तेवढं बघून ये. गेले. न्यायला तो घोडेगावला आला व्हता. एसटी चढाय लागली तसा खिडकीतनं हात करून दाखवाय लागला. खाली भातखाचरांत बगळे, साळुंक्या (मला काय नवीन!), वर कारवीत बुलबुल, कड्याला पाकोळ्या. त्याच्या वहीत उंचीवार पानं. मी म्हणलं, "मास्तर, आमच्याकडं जमिनीचा सातबारा असतो, तुमी पाखरांचा काढलाय." हसला. हसतो बरा.

रात्री त्याच्या आईपाशी मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी त्यानं वर माळावर नेलं. तिथं चंडोल. पन्नास पावलांवर राई, तिच्यात शिरलो तर चंडोल एक न्हाई. हरोळी, हळद्या, रानकोंबडा. म्हणलं, "आता कुठं चढलो आपण?" तो म्हणला, "मावशी, पाखरू नुसती उंची बघत न्हाई, झाडबी बघतं." मी म्हणलं, "सोयरीक करणाराबी दोन्ही बघतो."

राईत धुकं असं, की माझाच हात मला दिसंना. तेवढ्यात ओढ्याकडनं, मास्तर उभा व्हता त्याच अंगानं, शीळ आली. लांब, लाडात आलेली, सिनेमातल्यासारखी. मी आशाची मावशी, आन् हा माझ्यापुढं शीळ घालतो! शिव्या देताना आय-बाप, शाळा, खातं, कुणाला सोडलं न्हाई. माझा दम सरला, तशी पुन्हा शीळ. पार जवळ जाऊन बघितलं, मास्तराचं तोंड मिटलेलं. धुकं जरा हाललं तर धोंड्यावर निळंकाळं पाखरू, मान वर करून बसलेलं. म्हणला, "मावशी, हा शीळकरी. वरच्या गर्द रानातल्या ओढ्यालाच घावतो, खाली न्हाई." येवढं ऐकून घेतलं आन् पयलं पाखराचं नाव सांगितलं! राग न्हाई, टोमणा न्हाई. कुशे, आपल्या खानदानात असा पुरुष मी तरी पाह्यला न्हाई. डोकं लई बरं हाय.

खाली उतरताना तुझं म्हणणं त्याच्या कानावर घातलं, की येवढ्या वर कसं ऱ्हायचं माणसानं? म्हणला, "वर गेलं म्हणून पाखरं सरत न्हाईत मावशी, दुसरी भेटतात."

तुझी,
प्रयागआक्का

ता. क. चातुर्मासात कोण सुपारी फोडतं, असं दाजी म्हणतील. मी फोडली. त्याच्या आईच्याच घरात, बत्त्यानं.

आणिक एक. आशाला इचारायचं ऱ्हायलंय. तेवढं इचारून उलट टपालानं कळव.