सोललेले चौऱ्याऐंशी टोमॅटो

ती. ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत का होईना, पण चालत असतील असं धरून लिहायला बसलो आहे. इकडे मी ठणठणीत, दुकानातली घड्याळंही ठीक, फक्त हिचं तसंच आहे. ताप उतरून तीन आठवडे झाले, पण तोंडाला चव म्हणून नाही. काहीही दिलं तरी माती खाल्ल्यासारखं वाटतं म्हणते आणि दोन घासांत ताट सरकवते. अंगठी बोटात राहीना म्हणून मी ती दुकानाच्या खणात ठेवली आहे. (तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते.)

तुझ्या गच्चीतल्या गोटीएवढ्या टोमॅटोंचा डबा पोचला. चिठ्ठीही वाचली: तेलात लसूण, त्यावर अख्खे टोमॅटो, झाकण, साली तडकल्या की मीठ. इतकं सोपं! पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुठलीही वस्तू आधी उघडल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय आजारी माणसाच्या घशात साल अडकली तर? तेव्हा डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला आणि दुकानातल्या टेबलावर चौऱ्याऐंशी टोमॅटो एकेक करून सोलले. (होते नव्वद. सहा सुळकन निसटले, त्यांतला एक अजून सापडायचा आहे.) गजराचं घड्याळ न्यायला आलेले मास्तर पाच मिनिटं नुसते बघत राहिले, मग "सावकाश होऊ द्या," म्हणून घड्याळ न घेताच निघून गेले.

सोललेले ओले गोळे तापल्या तेलात पडताच तेलाने असा थयथयाट केला की मी झाकणाची ढाल करून लढलो. शेवटी उरला वाटीभर लाल लगदा. त्यात मीठ घातलं. मग घातलं की नाही याची खात्री होईना, म्हणून पुन्हा घातलं.

हिने चमचा तोंडात घातला आणि थांबली. "अहो, मीठ दोनदा घातलंत का?"

ताई, तिला चव कळली! डोळ्यांतलं पाणी मी लसणावर ढकललं. तिने नावं ठेवत ठेवत सगळी वाटी संपवली.

पत्र पाकिटात घालून चिकटवायला हिच्याकडेच देतो आहे. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

तुझा धाकटा

ता.क. आणखी एक डबा लगेच पाठव. हात बसला आहे तोवर करून घेतो.

ता.क. दुसरा, दुसऱ्या हातचा: वन्सं, नमस्कार. पत्र वाचलं, रागावू नका. तोंडाला अजून काडीची चव नाही. यांना मीठ दोनदा घालताना मी दारातून पाहिलं होतं. चमचा तोंडात जाईपर्यंत हे असे बघत होते की काहीतरी म्हणावंच लागलं. पण खरं सांगते, खाता खाता भूक मात्र लागली. डबा जरूर पाठवा, फक्त टोमॅटो जरा मोठे निवडा. यांचे डोळे दुखताहेत.