चिंचेच्या शेंड्यावरून पाणी

ता. ११ जानेवारी १८८६, सोमवार

आला! बंब आला! मुंबईहून मालगाडीनं, ताडपत्रीत गुंडाळून. ताडपत्री सोडली तर आत लाल रंग, पितळेची तोटी, दोन्ही अंगांना लांब दांडे. आठ माणसं या बाजूला, आठ त्या बाजूला. दांडे वरखाली करायचे, चामड्याची सोंड पाण्यात सोडायची, की तोटीतून फवारा! मासुंदा तलावावर चाचणी झाली. अख्खं ठाणं काठावर. फवारा थेट नारळाच्या झावळ्यांपर्यंत गेला आणि तोटी कोणाच्या हातात? माझ्या! कोलशेतच्या मिठागरातला राघो, सरकारी बंबावर तोटीवाला!

आमचे जमादार सहदेव. मुंबईच्या आगी खाल्लेला माणूस. डावी भुवई जळाली ती पुन्हा उगवलीच नाही. म्हणाले, ‘दांडा कोणीही मारतो, तोटीला अक्कल लागते.’

घरी सांगितलं. बा म्हणाला, ‘आग इजवाला सरकार कशाला? पानी पुरं.’ बा गावचा पंच आहे. पंचाला कशाचंच कौतुक नसतं.

ता. १९ जानेवारी

आज आग नाही. कालही नव्हती. असं म्हणू नये, पण देवा, कुठंतरी छोटीशी लाग! गवताची चालेल.

ता. २३ जानेवारी

कलेक्टरसाहेबांचा नवा हुकूम. बंबवाल्यांनी आग विझवून मोकळं व्हायचं नाही, जखमीलाही हात लावायचा. म्हणून रोज सकाळी दवाखान्यात धडे. शिकवणारा गोविंदा — तिथं मलमपट्टी करतो. माझ्याच वयाचा, पण बोलतो असा की जणू धन्वंतरीचा सख्खा भाऊ.

भाजलेल्यावर शेण नाही, शाई नाही. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल, निम्मं निम्मं, घुसळून दाट करायचं. वर कापूस. फोड फोडायचा नाही. मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या. मी विचारलं, ‘बाईमाणूस भाजलं तर?’ गोविंदानं पुस्तक चाळलं. मग म्हणाला, ‘ते पुस्तकात नाही.’

ता. ४ फेब्रुवारी

कल्याणला गेलो! बंबासकट! भाताच्या वखारीला आग म्हणून तार आली. बंब मालगाडीच्या उघड्या डब्यावर चढवला, आम्ही त्याला धरून उभे. खाडीवरून जाताना वाऱ्यानं टोपी उडाली. मी ओरडत होतो, का ते ठाऊक नाही. पोचलो तर आग विझलेली. लोकांनी हंड्यांनीच विझवली होती. सगळे आमच्याकडे बघून हसले. वऱ्हाड जेवून उठल्यावर नवरदेव यावा, तसं.

पण एका हमालाच्या पायावर गोणी पडली होती. नडगी मोडलेली. मी कामट्या बांधल्या. त्यानं जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी बापडा बारा वर्षांचा असल्यासारखा लाजलो.

ता. २ मार्च, मंगळवार

कुठून सुरुवात करू? अंगाला अजून धुराचा वास येतोय.

दुपारी एक माणूस धावत आला, ‘कोलशेतला आग!’ माझंच गाव! बैल जुंपले, निघालो. ढोकाळीच्या पुढं धूर दिसला तसे बैल पिटाळले. पोचलो तेव्हा पेंढ्याच्या रचलेल्या उडव्या जळून गेल्या होत्या, तीन घरं पेटली होती, आणि वारा आमच्या आळीकडे. सगळी घरं कुडाची, वर पेंढा. खाडीला ओहोटी. नुसता चिखल. पाणी एकच — गावची विहीर.

सोंड घेऊन विहिरीकडे धावलो. बा आडवा आला. हात पसरून उभा. ‘चामडं हिरीत जानार नाय!’ त्याच्यामागं चारपाच म्हातारे. मी म्हटलं, ‘बा, घरं जळतात!’ बा म्हणाला, ‘घरं पुन्ना बांदता येतात. हिर बाटली तं काय पिशील?’ एवढ्यात आळीच्या तोंडाशी हौसाबाईचं घर पेटलं. ती आतून ओरडत बाहेर आली. मी बाच्या बगलेखालून सोंड विहिरीत टाकली. टाकलीच!

मग काय सांगू. गावचीच पोरं दांड्यांना लागली. ‘हेऽऽ हो! हेऽऽ हो!’ पाणी सुटलं. पेंढ्यावर पडताच वाफ, चरचर, काळं पाणी. जमादार मागच्या अंगाला छपरं पाडत होते. पाऊण तासात आग आडवी. आळीतलं बारावं घर, आमचं, तसंच उभं.

हौसाबाईचा दंड भाजला होता. परपुरुषाला हात लावू देईना. जीव गेला तरी चालेल म्हणे! तेव्हा माझ्या बायजाला बोलावलं. मी आमच्या दाराबाहेर पाठ करून बसलो, बायजा आत. मी सांगतोय, ती लावतेय. ‘फोडू नकोस.’ — ‘मना कलतं!’ — ‘कापूस जाड ठेव.’ — ‘तुमी गप बसा, बाई हसायला लागली.’ गोविंदाच्या पुस्तकात नव्हतं ते माझ्या बायकोनं लिहिलं!

मी तोटीकडे परत आलो, तोच साहेब घोड्यावरून आले. आग विझलेली. मला वाटलं, साहेबांनी काहीच पाहिलं नाही! दांडेवाल्यांना ओरडलो, ‘लावा जोर! झाडावर निखारे अडकलेत, झाड भिजवायचं!’ निखारे कसले. एकही नव्हता. फवारा चिंचेच्या शेंड्यावरून पलीकडे गेला! पोरं नाचली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी टोपी काढली. अर्धा तास मी चिंच भिजवत होतो. ठमाबाई, आमच्या आळीतली सगळ्यांत म्हातारी, विहिरीपाशी हात हलवून काहीतरी ओरडत होती. दांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकायला गेलोही नाही. सोंडेतून चिखल आला तेव्हा थांबलो.

ता. ३ मार्च

साहेब म्हणाले, कल्याणला दुसरा बंब येणार, त्याचा जमादार राघो! बाविसाव्या वर्षी जमादार! पितळी बक्कलाचा पट्टा! झोप कसली लागते.

ता. ५ मार्च

घरी गेलो. मिठाई घेऊन. बायजानं पाण्याचा तांब्या दिला. घोट घेतला आणि थुंकलो.

खारं.

‘काल सकालपासून आसंच,’ ती म्हणाली. आता बाया बाळकुमला जातात पाण्याला. जाऊन येऊन अर्धा दिवस. बायजाला सहावा महिना. डोक्यावर दोन हंडे.

बा मला पाहून मागच्या दारानं निघून गेला.

ता. ७ मार्च

पंचांचं ठरलं : चामडं गेलं म्हणून विहिरीवर कोप झाला. बंबानं पाणी बाटवलं. आता साहेबांना अर्ज करणार, कोलशेतच्या हद्दीत बंब पुन्हा पाऊल टाकणार नाही. सगळ्यांचे अंगठे घ्यायचे. माझ्यावर राग आहे, पण ‘सरकारी नोकर, हुकमाचा ताबेदार’ म्हणून सोडून दिलंय.

मनात आलं, बरंच झालं! खापर चामड्यावर फुटलं!

हे लिहिताना लाज वाटतेय. वाटू दे.

ता. १० मार्च

ठमाबाई ठाण्याच्या बाजारात सुकट विकायला आली होती. मला पाहून टोपली खाली ठेवली. सभोवार पाहून हळूच बोलली, ‘गोडं पानी वर तरंगतं रं पोरा, खारं त्याच्या खाली. आमी वरचं वरचं शेंदतो. तू तळ काढलास. जागा रिती जाली न खाडी आत आली. मी बोंबलत होते, पुरं कर, पुरं कर.’

मिठागरात जन्मलो मी! खाऱ्या पाण्याची चाल मला शाळेत शिकवायला नको होती. आगीपुरतं ओढलं असतं तर विहीर निम्मी राहिली असती. उरलेली निम्मी चिंचेवर गेली. साहेबांच्या टोपीसाठी.

विचारलं, ‘गावात का नाही सांगितलंस?’

‘मी कशाला सांगू? तोटी तुज्या हातान होती.’

ता. ११ मार्च

कप्पाळ माझं! नुसता विचार करतोय. बोललो तर जमादारी जाईल. गाव काय करील ते वेगळंच. नाही बोललो तर अर्ज जाईल. मग पुढची आग लागली की गावचं काय? पेंढ्याची घरं ती. वाऱ्याची एक झुळूक पुरे.

गोविंदाला सांगितलं. तो म्हणाला, ‘जखम झाकली की चिघळते.’ धन्वंतरीचा भाऊच तो! पण खरं बोलला.

ता. १४ मार्च, रविवार

सांगितलं.

चावडीपुढं सगळं गाव बसलेलं. अर्जावर अंगठे चालू. मी उभा राहिलो आणि घडाघडा बोललो — निखारे नव्हते, मी खोटं ओरडलो, विहीर बंबानं नाही, मी उपसली. बंबाला बंदी करू नका, मला काय करायचं ते करा.

मग असा गलका उठला! ‘आमच्या बाया अर्दा दिस चालतान, न ह्यो चिंचंला आंगोल घालीत होता!’ कोणीतरी चप्पल फेकली. लागली नाही. लागली असती तर बरं वाटलं असतं.

मला वाटत होतं, खरं बोललो की अर्ज फाडतील. कसलं काय! ‘चामडं तं गेलंच ना हिरीन?’ अंगठे चालूच राहिले. शेवटचा अंगठा बाचा. मग बानं माझ्याकडे न बघता निकाल दिला : राघो वाळीत. गावात पाणी नाही, विस्तव नाही. पोटच्या पोराला!

निघालो तेव्हा मागं पावलं वाजली. बायजा. हातात बोचकं. म्हटलं, ‘तुला कोणी काढलं नाही, तू राहा.’ म्हणाली, ‘बाळकुमपेक्षा ठानं बरं. तिथं तलाव हाय.’ मी हसलो आणि रडलो, एकदमच.

ता. १९ मार्च

साहेबांनाही खरं सांगितलं. जमादारी गेली. तोटीही गेली, आता दांड्यावर. साहेब अर्ज वाचून म्हणाले, ‘त्यांना नको तर नको.’ हुकूम लागला : कोलशेत हद्दीबाहेर. तिकडे आग दिसली तरी बंब सोडायचा नाही.

जमादारांनी हुकूम भिंतीला चिकटवला आणि दिवसभर पितळी तोटी घासत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, ‘मी पण एकदा असंच केलं होतं. कबूल मात्र केलं नाही.’

ता. ११ जून

मुलगी! मुलगी झाली! आवाज असा की बंबाची घंटा काढून हिलाच टांगावी!

ता. ६ ऑगस्ट

पावसानं विहीर गोड झाली! ठमाबाईनं बाजारात सांगितलं. मी भर रस्त्यात उडी मारली. ‘आरं पर तुला कुटं प्याला मिलनार हाय,’ ती म्हणाली. खरंच की. तरी दिवसभर आनंद मावला नाही.

ता. २ नोव्हेंबर

दांडा मारून हाताला घट्टे पडले. बायजा आता दवाखान्यात भाजलेल्या बायांना पट्टी करते. गोविंदा तिला विचारून मलम घुसळतो! पोरगी पालथी पडते. बानं अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही.

ता. ९ डिसेंबर

कोलशेतवर धूर. आम्ही सहाजण नुसते बघत उभे. जमादारांनी भिंतीवरचा हुकूम काढला, घडी करून खिशात घातला. म्हणाले, ‘मला वाचता येत नाही. जुंपा!’ आणि तोटी माझ्या हातात दिली.

वेशीवर बा उभा. हात पसरून. बंब थांबला. बा पुढं आला, गाडीवरून चामड्याची सोंड ओढली, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि विहिरीकडे चालू लागला. मागं वळून म्हणाला, ‘हिर बाटली आसती तं गोड जाली नसती. बघत काय ऱ्हायलास? ये!’

विहिरीच्या काठावर ठमाबाई आत डोकावून उभी होती. आग विझली, तिनं हात वर केला, मी तत्क्षणी तोटी बंद केली. विहिरीत अजून पुरुषभर पाणी होतं. बानं पोहरा सोडला, शेंदलं, आणि आधी माझ्या ओंजळीत ओतलं.